देवाजीच्या पायावरचा पापुद्रा

ताराचंद लोणारे नेमकं काय काम करतो, हे नागपूरच्या इंदोऱ्यात कोणालाच धड सांगता येत नसे. त्याचा बाप देवाजी मात्र छाती काढून सांगायचा, "मोठ्या दवाखान्याच्या मागं औषधाचा कारखाना हाय नं, थितं सायंटिस्ट हाय माहा पोरगा." ऐकणारा त्या 'सायंटिस्ट' शब्दालाच इतका दबून जायचा की पुढं काही विचारायची त्याची हिंमत होत नसे. ताराचंदला ते सोयीचंच होतं. बापानं विचारू नये, एवढीच त्याची सारी धडपड होती.

कारखाना कसला, चार खोल्या होत्या नुसत्या! विद्यापीठाच्या पैशातून निघालेली, भाजलेल्या माणसांसाठी काहीतरी शोधून काढायची प्रयोगशाळा. पुढच्या खोलीत प्रमुख डॉक्टर दत्तोपंत हरकरे बसायचे. मधल्या दोन खोल्यांत लतिका देव नावाची एक बाई काचेच्या ताटांमध्ये पांढरी लापशी ओतून वाळवत बसायची. आणि मागची खोली ताराचंदची. त्या खोलीत कत्तलखान्यातून आलेलं रेड्याचं ताजं कातडं यायचं. ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, त्याचे केस काढायचे, लाकडाच्या उतरत्या ओंडक्यावर ते पसरायचं आणि दोन मुठींच्या सुरीनं आतलं मांस अन् चरबी खरवडून काढायची. मग कुठं त्या कातड्यातलं कोलॅजन नावाचं प्रोटीन निघायचं, त्याची लापशी व्हायची, आणि ती वाळली की कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा हाती यायचा. भाजलेल्या माणसाच्या उघड्या मांसावर तो पांघरला की खाली नवी कातडी धरेपर्यंत जखम झाकलेली राहायची, आणि रोज पट्टीची चिंधी ओढून काढण्याच्या यातना वाचायच्या.

खरवडायचं काम आधी ताराचंदचं नव्हतंच. एमएस्सी झालेल्या माणसाचं ते काम असतं का कधी? ते चंपतराव शिपायाला दिलं होतं. चंपतराव खोलीत गेला, ओंडक्यावरचं कातडं बघितलं आणि नाकाला गमछा लावून बाहेर आला. "साहेब, नोकरी गेली तरी चालन," तो म्हणाला, "पन हे आपल्याच्यानं होत नाही. घरी पंगतीत बसू देनार नाहीत मले." हरकरे सर वैतागले. टेबलावर बोटं वाजवत त्यांनी इकडंतिकडं बघितलं. लतिकाबाईंकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मग ताराचंदकडं बघितलं आणि तिथंच थांबले.

"ताराचंद, तुम्ही बघता का जरा? तुम्हाला जमेल."

आता हे 'तुम्हाला जमेल' सरांनी कोणत्या हिशेबानं म्हटलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत. माणूस वाईट नव्हता. ताराचंदला त्यांनीच घेतलं होतं, आपल्या डब्यातली भाजी वाढून देत होते. वर कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, अहो, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. नसेलही! पण नजर मात्र बरोबर तिथंच येऊन थांबली. ताराचंदच्या तोंडापर्यंत आलं होतं, की सर, तुम्हालाही जमेल. पण तेवढ्यात भिंतीपलीकडच्या वॉर्डातून मनकर्णा नावाच्या पोरीचं ओरडणं आलं. लग्नाला वर्षही न झालेली, सासरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे स्टोव्ह भडकून भाजलेली ती पोर. रोज सकाळी तिची चिंधी बदलताना सगळी प्रयोगशाळा ते ऐकत असे आणि जो तो आपापल्या कामात डोकं घालत असे. ताराचंदनं बाह्या वर केल्या आणि मागच्या खोलीत गेला.

मनकर्णा वाचली नाही, पण पापुद्रा लावल्यापासून शेवटचे दिवस तिचं ओरडणं बंद होतं. तिच्यानंतरच्या दोघीतिघी वाचल्या. म्हणून ताराचंद ते काम करत राहिला. घरी मात्र बोलला नाही. निघण्याआधी नळाखाली साबण लावून अंघोळ करायचा, दुसरा सदरा घालायचा, मग सायकलवर टांग टाकायचा.

हे एवढं लपवायचं काय कारण, असं कोणी म्हणेल. कारण होतं, आणि ते साधं नव्हतं.

कुहीकडच्या एका गावात देवाजीच्या घराकडं मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. त्याच्या बापाकडं होतं, आज्याकडं होतं. पाटलाचा बैल मेला की निरोप यायचा, निरोप कसला, हाक यायची, आणि जेवणावरून उठून जावं लागायचं. ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं मालकाच्या दारात नेऊन टाकायचं. छप्पनच्या दसऱ्याला देवाजी बायकोपोरं घेऊन नागपूरला पायी आला, त्या अफाट गर्दीत उभा राहून त्यानं दीक्षा घेतली आणि गावी परत गेल्यावर सुरी अन् दोर नदीच्या डोहात फेकून दिला. पुढच्याच पंधरवड्यात पाटलाची म्हैस मेली. देवाजी चावडीवर गेला आणि उभ्यानं म्हणाला, "आतापासून तुमचं ढोर तुमी ओढा."

झालं! गाव फिरलं. दुकानात मीठ मिळेना, विहीर बंद, मजुरी बंद. त्यातच ताराचंदची धाकटी बहीण बायजा तापानं फणफणली. दवाखाना कुहीला. गावात बैलगाड्या चिक्कार, पण एकानंही गाडी जुंपली नाही. "आधी ती म्हैस उचल, मग गाडी घे," असं तोंडावर सांगितलं लोकांनी. म्हैस तिथंच कुजत पडली होती. उचलली असती तर गाडी मिळाली असती. देवाजीनं उचलली नाही. पोरीला खांद्यावर टाकून तो चालत निघाला, मागं तुळसाबाई, तिच्या पदराला धरून अकरा वर्षांचा ताराचंद. बायजा वाटेतच गेली. बापाच्या खांद्यावरची तिची मान कशी लोंबली, हे ताराचंदनं मागून चालताना बघितलं होतं.

त्यानंतर ते नागपूरला आले ते कायमचे. देवाजी गिरणीत लागला, ताराचंदला शिकवलं, पोट मारून शिकवलं. तुळसाबाई कधीकधी रडायची आणि म्हणायची, "एक डाव उचलली असती म्हैस तं काय बिघडलं असतं वो?" देवाजी तेव्हा उठून बाहेर जायचा. त्या एका नकारासाठी त्यानं पोर दिली होती. असल्या बापाला ताराचंद काय सांगणार होता, की मी रोज तेच करून राहिलो म्हणून?

साल अठ्ठ्याहत्तर असेल. देवाजी गिरणीतून निवृत्त झाला होता. नव्या चपलेनं पायाला फोड आला, फोडाची जखम झाली, आणि जखम काही केल्या भरेना. तपासलं तर साखरेची बिमारी निघाली. घोट्याच्या वरपर्यंत मांस उघडं पडलं. धंतोलीतल्या एका मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं बघितलं, चष्मा पुसला आणि ताराचंदला बाजूला घेऊन सांगितलं, "उन्हाळ्याच्या आत भरली तर ठीक. नाहीतर पाय काढावा लागेल, गुडघ्याच्या वरून." देवाजी म्हातारा झाला तरी रोज विहारापर्यंत चालत जाणारा माणूस. पाय गेला तर तो जगेल का, हेच ताराचंदला उमजेना.

हरकरे सरांना विचारून त्यानं पापुद्रे घरी आणले. जखम धुतली, स्वच्छ केली, आणि ओला पापुद्रा वर अलगद बसवला. देवाजी वाकून बघत होता. "कशाचं बनते गा हे?"

सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं. बापाच्या पायाशी बसला होता, पाय हातात होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. पण त्याला वाटलं, सांगितलं आणि यानं पाय मागं घेतला तर? आणि घेणारच होता, यात त्याला शंका नव्हती. "केमिकल असते, बाबा," तो म्हणाला. "प्रोटीन म्हणतात."

"अच्छा, पोटीन," देवाजी म्हणाला आणि समाधानानं मागं टेकला. पोरानं इंग्रजी शब्द सांगितला की त्याला तो आणखी फोडून बघावासा वाटत नसे.

आणि नवल म्हणजे जखम धरू लागली! पापुद्रा बदलला की कडेनं गुलाबी कातडी आत सरकलेली दिसायची. हिवाळा सरेपर्यंत रुपयाएवढी जागा तेवढी उरली. देवाजीला तर आनंदानं काय करू अन् काय नको झालं. विहारात जाऊन धोतर वर करून पाय दाखवायचा. "धंतोलीचा डाक्टर म्हने पाय काटा! माह्या पोट्ट्यानं आपल्या हातानं बनवलेला कागद लावला, पाहा!" लोक वाकून वाकून बघायचे. ताराचंद समोर आला की त्याच्या पाठीवर थाप पडायची. आणि तो काम आहे म्हणून निघून जायचा.

मार्चमध्ये दिल्लीहून पाहुणे येणार होते, पुढच्या कामाला मंजुरी द्यायला. हरकरे सर म्हणाले, "ज्यांना गुण आला त्या पेशंटांना बोलवू. ताराचंद, वडलांना आणा बरं का!" ताराचंदनं दोनचार बहाणे सांगून बघितले. पण सरांनी चंपतरावाच्या हाती परस्पर घरी निरोप धाडला, आणि देवाजी धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, कोट घालून सकाळपासूनच तयार होऊन बसला. आता कोण अडवणार त्याला?

ताराचंदनं मागच्या खोलीला कडी घातली, कुलूपही लावलं. पण पाहुण्यांना सगळंच बघायचं होतं, म्हणून सरांनी चंपतरावाकडून ते उघडून घेतलं. पाहुणे डोकावले, नाकाला रुमाल लावून परत फिरले. दार उघडंच राहिलं. पुढं ताराचंद तक्त्यासमोर उभा राहून इंग्रजीत समजावून सांगत होता. देवाजीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगा दिल्लीवाल्यांना शिकवतो आहे एवढं दिसत होतं, आणि तो खुर्चीच्या टोकावर बसून कौतुकानं बघत होता. मग त्याला तहान लागली. चंपतराव म्हणाला, "या काका, माठ मांगं आहे."

ताराचंदनं बोलता बोलता खुर्ची रिकामी बघितली आणि वाक्य अर्धवट टाकून तो मागं धावला.

देवाजी ओंडक्यासमोर उभा होता. त्यावर कातडं पसरलेलं होतं, अर्धं खरवडलेलं, आणि सुरी त्याच्यावरच आडवी ठेवलेली. त्यानं हात पुढं करून कातड्याची कड चिमटीत धरली, सोडली. "हे कोन करते?" त्यानं विचारलं.

"कोन म्हणजे? तुमचाच पोरगा नं, काका!" चंपतराव मनापासून म्हणाला. "आमच्याच्यानं कुठं होते! त्याचा हात असा बसला आहे, का सांगू तुमाले. हेच तं तुमच्या पायाले लावते तो."

देवाजीनं मान वळवली. दारात ताराचंद उभा होता. बापानं त्याच्याकडं बघितलं, पण रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. गर्दीत कोणी ओळखीचं वाटून बघावं आणि तो दुसराच निघावा, तसं बघितलं. मग पाणी न पिता तो बाहेर पडला.

दोघं बापलेक एकाच रिक्षानं इंदोऱ्याला परत आले. घरी आल्यावर देवाजी बाजेवर बसला आणि तुळसाबाईला म्हणाला, "कोमट पानी आन वं."

"काहून? काय झालं?"

"आन म्हटलं नं."

तिनं आणलं. त्यानं पाय पाण्यात सोडला आणि पापुद्रा नखानं सोलू लागला. तो आता चिकटला होता, खालच्या कोवळ्या कातडीसकट निघत होता. पाणी लाल होऊ लागलं. ताराचंदनं त्याचा हात धरला. "बाबा, नका करू असं! पाय जाईल तुमचा!"

"जाऊ दे."

"तिथं पोरी जळून येतात, बाबा. त्यांचे जीव वाचतात त्याच्यानं. हे गावच्यासारखं नाही. मले कोणी जबरदस्ती नाही केली."

"कोनी नाही?" देवाजीनं मान वर केली. "त्या चार खोल्यांत इतके जन हायेत. तो शिपाई हाय, ते बाई हाय, तुमचा मोठा साहेब हाय. मंग सुरी तुह्याच हातात कशी आली?"

देवाजी सोलतच राहिला. "करत होता तं करत होता. जीव वाचत असन तं वाचत असन, मी अडानी मानूस, मले का समजते. पन मले सांगाचं होतं, तारा. भांडलो असतो, बोललो असतो. मंग कदाचित पाय पुढंबी केला असता म्या, कोनाले माहीत? तू मले इचारलंच नाही. पाटीलबी इचारत नव्हता." त्यानं शेवटचा तुकडा सोडवला आणि पाण्यात टाकला. "आता तुह्या हातचं काही नको लावू मले."

तुळसाबाई भिंतीला धरून उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बायजा गेली, आता पायबी घालवता का वो तुमी?" आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. रुपयाएवढी उरलेली जखम पुन्हा पसरली. देवाजी सरकारी दवाखान्याची पट्टी लावून घेई, पोराला पायाजवळ येऊ देत नसे. ताराचंदनं सरांना सांगून बघितलं, की सर, मागच्या खोलीचं काम आपण सगळ्यांनी वाटून घेऊ. सर चकित झाले. "अरे, पण तुमचं इतकं छान बसलंय! मंजुरीसुद्धा त्यावरच मिळाली." लतिकाबाई ताटं पुसत राहिल्या. ताराचंदनं नोकरी सोडायचं ठरवलं, अर्जही लिहिला, आणि त्याच आठवड्यात वॉर्डात दोघी सख्ख्या जावा भाजून आल्या. त्यानं अर्ज दिला नाही. शिव्या द्यायच्या तर कोणाला द्याव्या, हेसुद्धा त्याला कळेना. स्वतःलाच देत राहिला बिचारा.

मे महिन्यात, नागपूरचं ऊन भिंतींतून घरात शिरत होतं तेव्हा, देवाजीचा पाय घोट्यापासून काळा पडला. वास सुटला. ताप चढला. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उद्याच्या उद्या काढायचा. देवाजीनं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. मग कितीतरी दिवसांनी त्यानं ताराचंदला हाक मारली, "तारा, इकडं ये."

ताराचंद खाटेजवळ गेला. देवाजीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो तापानं तापलेला, हाडं हाडं झालेला हात धरून ताराचंदच्या मनात आलं, आता माफ करतील.

"एक वचन दे मले," देवाजी म्हणाला.

"सांगा, बाबा."

"काटल्यावर तो पाय तुमच्या त्या मांगच्या खोलीत नाही गेला पाह्यजे."

ताराचंदला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. आपण तसं करू, असं आपल्या बापाला वाटतं! त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा, माणसाचं नसते करत, अन् तुमचं, तुमचं मी कसं... पण एकदा याच बापाच्या पायाशी बसून तो 'केमिकल' म्हणाला होता. आता कोणत्या तोंडानं बोलणार? "नाही जाणार," एवढंच तो म्हणाला.

कापलेला अवयव नातेवाइकांच्या हवाली करायची पद्धत असते, त्याची विल्हेवाट त्यांनीच लावायची. ऑपरेशन आटोपल्यावर वॉर्डबॉयनं चादरीत गुंडाळलेला पाय ताराचंदच्या हातात दिला. तो एवढा जड असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. रिक्षावाला विचारू लागला, काय आहे म्हणून. ताराचंदनं खरं सांगितलं, तर तो बसवीना. दुसराही बसवीना. शेवटी ते गाठोडं खांद्यावर घेऊन तो भर उन्हात पायीच मसणाच्या घाटावर गेला. तिथल्या माणसाकडून फावडं घेतलं, पण खड्डा स्वतःच खणला. पाय आत ठेवला, माती लोटली, वर दगड रचले आणि तिथंच बसून हमसून हमसून रडला.

परत आला तेव्हा देवाजी शुद्धीवर आला होता. खाटेवर चादर एका बाजूला सपाट पडली होती. उशाशी तुळसाबाई पंख्यानं वारा घालत होती.

"कोठी ठेवला?" देवाजीनं विचारलं.

"घाटावर, बाबा. पुरला. माझ्या हातानं खड्डा केला."

देवाजीनं त्याची मातीनं भरलेली बोटं बघितली. "खरं सांगून राहिला नं?"

"खरं, बाबा."

"अच्छा," देवाजी म्हणाला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद चहा घेऊन आला तर उशाशी आई नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितलं, म्हाताऱ्यानं तिला घाटावर पाठवलं आहे, पाहून यायला.